आधी परीक्षा ठरवा, मग कॅल्क्युलेटर

दहावीचा निकाल लागला की ठाण्याच्या गोखले रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि कल्याणला स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर येतो: "अकरावी सायन्सला कुठला कॅल्क्युलेटर चालेल?" जाणता दुकानदार आधी विचारतो, "बोर्ड कुठलं?" बाकीचे काचेखालचा सगळ्यांत महाग नग काढून पुढे ठेवतात. मुलगा सायन्सला चाललाय, आता काटकसर नको, अशा भावनेने पालकही पैसे मोजतात.

वास्तविक अकरावी-बारावीच्या परीक्षेत यातल्या बहुतेक मुलांना कॅल्क्युलेटर वापरताच येत नाही. ज्यांना वापरता येतो, त्यांचे नियम बोर्डागणिक वेगळे. एका बोर्डाला सक्तीचं असलेलं मॉडेल दुसऱ्याच्या परीक्षागृहात आणलं तर जप्त होईल. त्यामुळे कॅल्क्युलेटरची निवड खरं तर परीक्षेची निवड आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल कोणकोणत्या परीक्षा देणार, हे एका कागदावर लिहा. यंत्र कुठलं घ्यायचं, किंवा घ्यायचं की नाही, हे त्या कागदावरूनच कळेल.

राज्य मंडळ आणि सीबीएसई: परीक्षेत बंदी

आपल्या भागातली बहुसंख्य मुलं राज्य मंडळातून बारावी करतात. बांदोडकर, पेंढरकर, बिर्ला ही जवळची कॉलेजं असोत किंवा लोकल पकडून मुलुंडचं वझे-केळकर आणि माटुंग्याचं रुपारेल-रुईया असो, बारावीच्या गणिताच्या पेपरावर सूचना एकच: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. फिजिक्सलाही तेच. दहावीच्या गणिताच्या पेपरावरही कॅल्क्युलेटरला मनाईच असते, म्हणजे या मुलांची सवय मोडत नाही.

सीबीएसईच्या बारावीच्या गणिताच्या पेपरातही कॅल्क्युलेटर चालत नाही. आकडे सहसा हाताने सुटतील असेच दिलेले असतात. उत्तर भयंकर लांबलचक दशांशात येऊ लागलं, तर यंत्र हवं होतं असं समजू नका. वरच्या ओळीत कुठेतरी चूक झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कॅल्क्युलेटर नाही म्हणून मुलांचं काही बिघडत नाही, कारण अभ्यासक्रमच तसा बेतलेला आहे. राज्य मंडळाच्या बारावीत 'डेरिव्हेटिव्हचे उपयोग' या प्रकरणात अप्रॉक्झिमेशनची गणितं येतात. ६४.१ चं घनमूळ काढा, असं विचारलं जातं. ६४ चं घनमूळ ४. फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह त्या बिंदूला १/४८, म्हणजे साधारण ०.०२०८. त्याला ०.१ ने गुणून चारात मिळवा, उत्तर येतं ४.००२०८. कॅल्क्युलेटर हेच उत्तर क्षणात देईल, पण नुसत्या उत्तराला गुण किती? पेपर तपासणारा गुण देतो तो फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, सूत्र आणि किंमत घालण्याच्या पायरीला.

लॉग टेबलकडे दुर्लक्ष नको

राज्य मंडळाच्या मुलाचा खरा 'मान्यताप्राप्त कॅल्क्युलेटर' म्हणजे लॉग टेबल. थोड्या पैशांत मिळणारं हे पातळ पुस्तक बहुतेक मुलं प्रीलिमच्या आठवड्यात पहिल्यांदा उघडतात आणि मग फिजिक्सच्या पेपरात सूत्र येऊनही शेवटच्या ओळीत अडकतात.

एक उदाहरण बघा. प्रकाशाची तरंगलांबी ५ × १०⁻⁷ मीटर, फोटॉनची ऊर्जा किती? वर प्लँकच्या स्थिरांकाचे ६.६३ गुणिले प्रकाशवेगाचे ३, खाली तरंगलांबीचे ५. दहाचे घात बाजूला काढले की मामला टेबलाचा. ६.६३ चा लॉग ०.८२१५, ३ चा ०.४७७१, बेरीज १.२९८६. त्यातून ५ चा लॉग ०.६९९० वजा केला की ०.५९९६. त्याचा अँटिलॉग ३.९८ च्या आसपास. घात जोडले की ऊर्जा ३.९८ × १०⁻¹⁹ ज्यूल. सराव असेल तर मिनिटभराचं काम, नसेल तर पाच मिनिटं जातात आणि शेवटी दशांशचिन्ह चुकतं ते चुकतंच.

मुलं नेमकी घसरतात ती कॅरॅक्टरिस्टिकवर. ०.०५ च्या लॉगमध्ये 'बार टू' येतो आणि वजाबाकीत तो बार कुठे हरवतो ते कळत नाही. म्हणून जूनपासूनच फिजिक्स-केमिस्ट्रीचं प्रत्येक न्यूमरिकल लॉग टेबलनेच सोडवायची सवय लावा. गृहपाठ मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने आणि परीक्षा लॉग टेबलने, हा मेळ कधीच बसत नाही. परीक्षेला नेण्याच्या प्रतीवर पेन्सिलीची खूणही नसावी.

सीईटी आणि जेईई: घड्याळाशी गाठ

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी दोन गुण. एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे सरासरी १४४ सेकंद. दोन्हीकडे कॅल्क्युलेटर चालत नाही. जेईई मेनमध्ये लॉग टेबलही नाही. जेईई ॲडव्हान्स्डलाही दोन्ही वर्ज्य.

जेईई मेन २०२६ च्या माहितीपुस्तिकेत पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर मिळण्याचा उल्लेख आल्याने मुलांमध्ये चर्चा झाली होती. तो उल्लेख चुकून आला असून परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही, असा खुलासा परीक्षा घेणाऱ्या एनटीएने केला. व्हॉट्सॲप ग्रुपवर असं काही फिरलं तर घाई न करता अधिकृत सूचना वाचावी, ती यासाठीच.

या परीक्षांची तयारी म्हणजे हातातली आकडेमोड झटपट करणं. तीसपर्यंतचे वर्ग, निदान बारापर्यंतचे घन, दोन-तीन-पाचाची वर्गमुळं, लॉग २ आणि लॉग ३, अपूर्णांकांचे दशांश हे सगळं विचार न करता जिभेवर यायला हवं. सीईटीत चार पर्याय समोर असतात. एकक स्थानचा अंक किंवा ढोबळ अंदाज घेतला तर दोन पर्याय तिथेच गळतात. आजोबांकडे पाठ असणारे पावकी-निमकीचे पाढे आता कोणी घोकत नाही. पण त्यांच्यासारखा तोंडी हिशोब जमणारं मूल या परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत चार प्रश्न जास्त सोडवून जातं.

आयएससी: एकच मॉडेल

आयसीएसई-आयएससीच्या शाळा ठाण्यात बऱ्याच आहेत. इथे दहावी आणि बारावीचे नियम निराळे आहेत, याची पालकांना अनेकदा कल्पना नसते. दहावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर नाही. बारावीच्या आयएससी परीक्षेत मात्र कौन्सिल कॅसिओ एफएक्स-८२एमएस या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरला परवानगी देतं. त्याच घराण्यातलं एफएक्स-९९१ दिसायला जवळपास सारखं असतं, पण त्यात समीकरणं, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन सोडवण्याची सोय आहे आणि ती इथे चालत नाही. "जरा चांगलं घेऊया" म्हणून वरचं मॉडेल घेणं इथे चक्क चूक ठरतं. खरेदीआधी शाळेचं त्या वर्षीचं परिपत्रक जरूर बघा.

केंब्रिज: कोड नंबर आधी विचारा

घोडबंदर रोडच्या पट्ट्यात आणि पलावाकडे गेल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय बोर्डांची चर्चा घरोघरी होऊ लागली. केंब्रिजच्या आयजीसीएसईला गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत आणि नावांतला फरक पटकन लक्षात येत नाही. ०५८० या कोडचं 'मॅथेमॅटिक्स' घेतलं तर वैज्ञानिक कॅल्क्युलेटर लागतो. ०६०७ या कोडचं 'इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स' घेतलं तर आलेख काढणारा ग्राफिक कॅल्क्युलेटर लागतो. किमतीत दोघांची तुलनाच नाही: पहिला काही शे किंवा हजार-दीड हजारात येतो, दुसऱ्याला त्याच्या कैकपट पैसे मोजावे लागतात. म्हणून शाळेला "कुठलं गणित?" असं न विचारता "कोड कुठला?" असं विचारा.

२०२५ पासून ०५८० मध्ये एक पेपर पूर्णपणे कॅल्क्युलेटरशिवाय द्यावा लागतो. याआधीच्या बॅचच्या ताई-दादाचा सल्ला या बाबतीत आता कामाचा नाही.

पुढे ए लेव्हलला, ९७०९ या कोडच्या गणितात, वैज्ञानिक कॅल्क्युलेटर चालतो. ग्राफिक मॉडेल किंवा बीजगणित स्वतः सोडवणारं, म्हणजे सीएएस असलेलं मॉडेल चालत नाही. इथे नियमापेक्षा महत्त्वाची सूचना वेगळीच आहे: पायऱ्या न दाखवता नुसतं यंत्रातून आलेलं उत्तर लिहिलं तर त्याला गुण मिळत नाहीत. कॅल्क्युलेटर क्वाड्रॅटिकची मुळं देतो, मूल ती उतरवून पुढे जातं आणि निकालानंतर गुण गेले कुठे याचा शोध सुरू होतो. यंत्राने फक्त ताळा करायचा, वहीत मांडणी पूर्ण करायची.

आयबी: यंत्र आणि अभ्यासक्रम एकत्र निवडा

आयबी डिप्लोमाच्या गणितात २०२१ च्या परीक्षेपासून दोन वाटा झाल्या: 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस' म्हणजे एए, आणि 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन' म्हणजे एआय. दोन्ही एसएल आणि एचएल अशा दोन पातळ्यांवर. एएमध्ये पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय, दुसरा त्याच्यासह. एआयमध्ये सगळ्या पेपरांत कॅल्क्युलेटर. दोन्हीकडे एचएलच्या तिसऱ्या पेपरातही तो वापरता येतो.

आयबीला ग्राफिक कॅल्क्युलेटरच लागतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८४ प्लस सीई, टीआय-एनस्पायर सीएक्स टूचं सीएएस नसलेलं रूप, कॅसिओचं एफएक्स-सीजी५० ही नेहमीची नावं. परीक्षेत ते 'एक्झाम मोड'मध्ये टाकावं लागतं, म्हणजे आत साठवलेल्या नोट्स आणि प्रोग्रॅम बंद राहतात. एनस्पायरच्या दोन रूपांत फरक फक्त 'सीएएस' या तीन अक्षरांचा असतो. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवताना नेमकं नको तेच येतं, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव लिहून पाठवा आणि शाळेच्या शिक्षकांकडून होकार घेऊनच पैसे द्या.

इथे यंत्रापेक्षा मोठा निर्णय अभ्यासक्रमाचा. "एआयमध्ये सगळीकडे कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून सोपं," असं समजून मुलं एआय एसएल घेतात. पुढे अभियांत्रिकी, फिजिक्स किंवा अर्थशास्त्राच्या काही परदेशी पदव्यांना एए एचएल मागितलं जातं, आणि तेव्हा मागे फिरता येत नाही. आवडीच्या चार-पाच विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी अकरावीच्या सुरुवातीलाच वाचा.

अमेरिकेसाठी सॅट देणाऱ्यांना वेगळा खर्च करायची फारशी गरज नाही. डिजिटल सॅटच्या ॲपमध्येच डेस्मॉस हा ग्राफिक कॅल्क्युलेटर दिलेला असतो आणि गणिताच्या दोन्ही भागांत तो वापरता येतो.

डिप्लोमा: इथे मात्र पहिल्या दिवसापासून

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांचा नियम उलटा आहे. ठाण्याचं व्हीपीएम पॉलिटेक्निक असो वा दुसरं कुठलं, डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या एमएसबीटीईच्या प्रश्नपत्रिकेवरच सूचना छापलेली असते की प्रोग्रॅम करता न येणारा इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरता येईल. एफएक्स-९९१ईएस प्लससारखं नॉन-प्रोग्रॅमेबल वैज्ञानिक मॉडेल इथे बसतं. आयबी केलेल्या मावसभावाचं ग्राफिक मॉडेल मात्र चालणार नाही, कारण त्यात प्रोग्रॅम साठवता येतात.

हेच यंत्र पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीलाही चालतं. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षांतही नॉन-प्रोग्रॅमेबल वैज्ञानिक कॅल्क्युलेटरच अपेक्षित असतो. म्हणून बारावी सायन्सच्या मुलानेही खरेदी करायची तर प्रवेश पक्का झाल्यावर करावी. पदवीनंतर गेट देताना तर यंत्र घरीच ठेवायचं असतं. तिथे पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर माऊसने वापरावा लागतो.

बोर्ड बदलणाऱ्यांनी इथे थांबावं

सगळ्यांत जास्त ओढाताण होते ती मध्येच वाट बदलणाऱ्या मुलांची. आपल्याकडे एक प्रवाह पक्का झालाय: दहावीपर्यंत आयजीसीएसई, आणि अकरावीला राज्य मंडळाचं ज्युनिअर कॉलेज, सोबत जेईई-सीईटीचा इंटिग्रेटेड क्लास. प्रवेशाची धावपळ, फॉर्म, फी, टाय-अप यांत घर गुंतलेलं असतं. या गडबडीत एका गोष्टीचा विचार राहून जातो: ज्या मुलाच्या हातात दोन-तीन वर्षं कॅल्क्युलेटर होता, त्याच्या हातातून तो एका दिवसात जातो.

अशा मुलाच्या पहिल्या चाचणीत गुण कोसळतात आणि घरात निष्कर्ष निघतो, "याला गणित झेपत नाही." खरं तर संकल्पना त्याला इतरांइतक्याच, कधी अधिकही कळलेल्या असतात. अडतं ते ३७ × १८ ला, वर्गमूळ सोपं करायला, अपूर्णांकांच्या बेरजेला. ही उणीव बुद्धीची नसून सवयीची आहे आणि ती दोन-तीन महिन्यांत भरून निघते. दहावीनंतरच्या सुट्टीतच रोज अर्धा तास हाताने आकडेमोड, अपूर्णांक, करणी, क्वाड्रॅटिकचे अवयव, त्रिकोणमितीची ठरावीक मूल्यं आणि लॉग टेबल एवढंच करून घ्या. व्हेकेशन बॅचमध्ये अकरावीचा एक धडा जास्त शिकण्यापेक्षा याचा उपयोग मोठा.

उलट वाटेवरच्या मुलांचंही असतं. राज्य मंडळातून डिप्लोमाला किंवा आयबीला गेलेलं मूल यंत्र हाती आल्यावर बिचकतं. त्याला गणित येतं, पण कोणतं बटण कधी दाबायचं ते कळत नाही. त्यानेही महिनाभर आधी यंत्र घेऊन सराव करावा. कुठल्याही दिशेने जा, यंत्र सोडणं किंवा धरणं हा अभ्यासाचाच भाग समजा आणि त्याला वेळ द्या.

सवलतीचा कॅल्क्युलेटर

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांशी संबंधित अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना राज्य मंडळ इतर सवलतींबरोबर कॅल्क्युलेटरचीही सवलत देतं. सीबीएसईतही विशेष गरजा असलेल्या मुलांना विनंती केल्यास साधा कॅल्क्युलेटर मिळतो. यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आपल्या भागातले अनेक पालक त्यासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता क्लिनिकमध्ये जातात. तपासणीला अनेक फेऱ्या होतात, त्यानंतर अर्ज शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो. म्हणून शंका आल्याबरोबर, शक्यतो आठवी-नववीतच सुरुवात करा. लोक काय म्हणतील म्हणून ही सवलत नाकारणारे पालक मुलाचा हक्क नाकारत असतात.

घेतलाच, तर हे बघा

बिल घ्या आणि वॉरंटी कार्ड तपासा. नावाजलेल्या मॉडेलच्या नकला बाजारात असतात. परीक्षेच्या किमान तीन महिने आधी यंत्र हातात असू द्या. नवं मॉडेल आलं म्हणून शेवटच्या महिन्यात बदलू नका, बटणांच्या जागा बदलल्या की हात अडखळतो. बॅटरीवर चालणाऱ्या मॉडेलची बॅटरी परीक्षेआधी बदला.

प्रत्येक पेपराआधी एक चाचणी करा: साइन ३० दाबा. ०.५ आलं तर यंत्र डिग्रीत आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये, ०.४५४ आलं तर ग्रॅडमध्ये. कॅल्क्युलसच्या गणितांना रेडियन लागतं, त्रिकोणाच्या गणितांना बहुधा डिग्री. दुसरा सापळा वजा चिन्हाचा: उणे तीनचा वर्ग कंसाशिवाय टाकला की यंत्र उणे नऊ सांगतं. यंत्र चुकत नाही, आपण त्याला तीनचा वर्ग करून वजा चिन्ह द्यायला सांगितलेलं असतं.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*मुलगी कॉमर्सला आहे, सीए करायचंय. तिला कुठला?*
सीएच्या परीक्षेत वैज्ञानिक कॅल्क्युलेटर नको. आयसीएआयच्या नियमानुसार जास्तीत जास्त सहा फंक्शन्स, बारा अंक आणि दोन मेमरी असलेला बॅटरीवरचा साधा कॅल्क्युलेटर चालतो. मोठ्या बटणांचा घ्या आणि फाउंडेशनपासून तोच वापरू द्या.

*मुलाला एनडीए द्यायची आहे.*
गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलही नाही. तयारी सीईटीसारखीच, हाताने.

*वर्गातल्या सगळ्यांकडे आहे, त्याच्याकडे नसेल तर न्यूनगंड येईल.*
राज्य मंडळाच्या वर्गात सगळ्यांकडे असेल, तर सगळ्यांनीच घाई केली आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली आकडेमोड ताडून बघायला घरातला कुठलाही साधा कॅल्क्युलेटर पुरतो. ते पैसे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या संचासाठी ठेवा.

*आम्ही अजून ठरवलेलं नाही: डिप्लोमा की बारावी?*
मग अजून काहीच घेऊ नका. आधी तो निर्णय घ्या: मुलाला हाताने काम करायची, यंत्रं उघडून बघायची ओढ आहे की दोन वर्षं सिद्धांत आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची तयारी आहे, यावर त्याच्याशी बोला. डिप्लोमा ठरला तर नॉन-प्रोग्रॅमेबल वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घ्या, तो पदवीपर्यंत साथ देईल. बारावी ठरली तर लॉग टेबल घ्या आणि ते पहिल्या दिवसापासून वापरायला लावा.